एक नंबरचं टोकन

पीण्या औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या फेजमधली ती शेड आता दुसऱ्याकडे आहे. तिथं पंपांचे पंखे बनतात. आतली खिडकी विटांनी बुजवली आहे. प्लास्टर नवं आहे, त्यामुळे तिचा चौकोन अजून ओळखू येतो.

त्या खिडकीच्या आत होन्नक्का बसायची. तिच्या पाठीमागे फळा होता.

भिंतभर हिरवा लाकडी फळा. त्यावर पिवळ्या रंगात हत्यारांच्या आकृत्या काढलेल्या. पक्कड, पाने, लहान हातोड्या, कानशी, लांब दांड्याचे आरसे. प्रत्येक आकृतीच्या माथ्यावर एक खिळा. शेडमधल्या प्रत्येकाजवळ पितळेचं एक टोकन असे, आपापल्या नंबरचं. हत्यार न्यायचं तर टोकन द्यायचं. होन्नक्का ते रिकाम्या खिळ्यावर अडकवायची. संध्याकाळी हत्यार परत, टोकन परत. सगळ्या आकृत्या भरल्या की ती खिडकीतून डोकं बाहेर काढायची आणि ओरडायची, “फळा बंद!”

मगच भोंगा व्हायचा. फळ्यावर एक जरी टोकन उरलं तरी भोंगा नाही. कुणी घरी जायचं नाही, कुठली गाडी फाटकाबाहेर पडायची नाही. शेडमध्ये विमानांचे भाग बनायचे, आणि विमानाच्या पोटात विसरलेला स्क्रू ड्रायव्हर आकाशात कुठे सरकेल आणि कशात अडकेल, याचा नेम नसतो.

होन्नक्का शिकली होती सातवीपर्यंत. तिला इथं आणलं ते कॉफीच्या पेल्यांनी.

तिची आई फाटकाशी कॉफीची गाडी लावायची. होन्नक्का तारेच्या जाळीत पेले भरून शेडमध्ये न्यायची. बाकीच्या कॉफीवाल्यांचे पेले पीण्यात कुठे जायचे ते एका देवाला ठाऊक. कुणी त्यात खिळे ठेवी, कुणी ग्रीस. होन्नक्काचा पेला मात्र कधी कमी झाला नाही.

शेडचे मालक तिप्पेस्वामी. चळ्ळकेरेकडचे. तरुणपणी सरकारी विमान कारखान्यात फिटर होते. मग नोकरी सोडली, दोन जुने लेथ घेतले आणि त्याच कारखान्याला लागणारे बारीकसारीक भाग बनवून द्यायला लागले. एके दिवशी त्यांनी मुद्दाम एक पेला लेथमागे दडवला. पोरगी जाळी घेऊन लेथपाशी येऊन उभी राहिली.

“काय गं?”

“एक पेला राहिलाय.”

“उद्या ने.”

“उद्या नाही. आत्ता.”

“मला काम आहे.”

“करा की. मी उभी आहे.”

ती उभीच राहिली. कॉफीची गाडी तिकडे खोळंबली. आई फाटकातून हाका मारायला लागली. शेवटी मालकांनी पेला काढून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “कॉफी विकून काय मिळतं तुला?”

“शिव्या.”

“त्या इथंही मिळतील. पगार वेगळा.”

अशी ती खिडकीत बसली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कामावरच्या बाप्यांना बाईमाणसासमोर हात पसरणं जड गेलं. एकानं पाना मागितला आणि टोकन नंतर देतो म्हणाला. तिनं पाना मागे ओढून घेतला. तो मालकांकडे तक्रार घेऊन गेला. मालक खिडकीशी आले. स्वतःच्या खिशातून पितळी टोकन काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. त्यावर १ हा आकडा ठोकलेला होता.

“माझी तीनधारी कानस दे.”

“तुमचं पण टोकन?” होन्नक्का चकित झाली.

“का? माझा हात काय देवाचा आहे?”

त्यानंतर तक्रार करायला कुणाला तोंडच उरलं नाही.

ती तीनधारी कानस मालकांनी चिक्कपेठेत घेतली होती, शेड उघडण्याआधी. त्यांचं पहिलं हत्यार. मूठ सागवानी, घामानं काळी पडलेली. पहिल्या आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेडला छप्पर नव्हतं. मालकांनी कानस घरी नेली आणि देवांपाशी ठेवून तिची पूजा केली. छप्पर घातल्यावर पूजा शेडमध्ये व्हायला लागली. त्या दिवशी सगळी हत्यारं देवापुढे असत, टोकनं ज्याच्या त्याच्या खिशात, आणि फळा रिकामा. कोहळा फुटायचा. चुरमुऱ्यांच्या पुड्या वाटल्या जायच्या. पहिल्या पूजेचा किस्सा मालक दर वर्षी नव्यानं सांगत. होन्नक्का दर वर्षी नव्यानं ऐकल्यासारखं करायची.

कंपनीचं कसं चाललंय ते तिला फळ्यावरून कळायचं. बरे दिवस असले की दुपारी फळ्यावर नुसतं पितळ चमकायचं. दिवस वाईट आले की हत्यारं जागच्या जागी टांगलेली. एकदा तर सरकारी कारखान्याकडेच काम नव्हतं, मग पीण्यात कुणाला कोण विचारणार? वर्षभर विमानाचा एकही भाग शेडमधून गेला नाही. मालकांनी माणसं काढली नाहीत. त्यांनी इडलीपात्रं बनवली. विमानाच्या भागांइतक्या काटेकोर मापानं बनवली. त्यांतलं एक होन्नक्काच्या घरी आहे. त्याचं झाकण इतकं घट्ट बसतं की दोघांनी ओढल्याशिवाय इडली दिसत नाही.

“हे उडेल पण उघडणार नाही,” अरुळदास म्हणायचा. तो पत्रे जोडणाऱ्या रिबिटा मारणाऱ्यांचा मुकादम. शिवाजीनगरच्या चर्चमागे राहायचा. होन्नक्काच्या आधीपासून शेडमध्ये, आणि शेडमधल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं काही ना काही म्हणणं असे.

मग वारं फिरलं. परदेशी कंपन्या सरकारला विमानं विकायच्या, आणि त्या बदल्यात त्यांना इथून माल घ्यावा लागायचा. फ्रान्सची माणसं आली. शेडची फरशी इतकी पांढरी झाली की अरुळदासनं चप्पल बाहेर काढली. मालकांची मुलगी चैत्रा शिकून परतली आणि ऑफिसात बसली. चैत्रा लहानपणी होन्नक्काच्या खिडकीखाली झोपलेली. तिनं जपानी यंत्रं आणली. कंपनीला नवं इंग्रजी नाव दिलं.

“माझं नाव कापून दोन अक्षरं ठेवलीत,” मालक म्हणाले.

“बाकीची होन्नक्काच्या फळ्यावर टांगा,” चैत्रा म्हणाली. तेव्हा ती हसायची.

साथीच्या काळात जगभरची विमानं जमिनीवर आली. फळा महिनोन्‌महिने भरलेला राहिला. होन्नक्का एकेक हत्यार काढून तेल लावायची आणि परत टांगायची. नंतर मात्र कामाचा पूर आला. कुठे कुठे युद्धं पेटली. संरक्षणाच्या धंद्यातल्या कंपन्यांचे भाव चढायला लागले. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, एक कॉफी दोघांत घेणारी पोरं मोबाइलवर शेअर बघायची. अरुळदासनंही त्यांतल्या एका कंपनीचे थोडे घेतले. भाव वर गेला त्या दिवशी तो खिडकीशी म्हैसूरपाक घेऊन आला.

“कशाचं रे?”

“तिकडं लढाई वाढली, अक्का. आपला शेअर चढला.”

“तिकडं माणसं मरतात आणि तू इथं गोड वाटतोस?”

अरुळदासनं डबा मागे घेतला. संध्याकाळी तो टोकन घ्यायला आला तेव्हा तिच्याकडे बघत नव्हता. तिनं स्वतःच डबा मागितला आणि एक तुकडा तोंडात टाकला. “तूप चांगलं आहे,” म्हणाली.

चैत्राला आता कंपनी शेअर बाजारात न्यायची होती. देवनहळ्ळीकडे विमानतळाजवळ नवा कारखाना उभा राहिला होता. मुंबईहून बाजाराची माणसं येत, आकडे मागत. मार्चअखेर विक्री किती, यावर सगळं ठरणार होतं. शेडमध्ये शेवटचा माल चालू होता. एका लहान प्रवासी विमानाच्या शेपटीच्या पोकळ पेट्या. तो गेला की शेड बंद. होन्नक्काचीही साठी भरत होती. नव्या कारखान्यात हत्यारं काचेच्या कपाटातून मिळणार होती. कार्ड लावलं की कप्पा उघडणार. खिडकी नाही, फळा नाही.

त्याचं तिला फार वाटलं नाही. काळजी होती ती मालकांची.

मालकांची आठवण जायला लागली होती. आधी नावं गेली, मग वर्षं. तरी ते रोज सकाळी यायचे. ड्रायव्हर हाताला धरून खिडकीपाशी आणायचा. मालक खिशातून एक नंबरचं टोकन काढायचे. होन्नक्का कानस द्यायची. ते खिडकीसमोरच्या बाकावर बसून ॲल्युमिनियमच्या भंगार तुकड्यांच्या कडा घासायचे. बोटांना सगळं आठवत होतं. घरी ते सरोजम्माला, आपल्या बायकोला, ‘बाई, तुम्ही कोण?’ विचारायचे. इथं बाकावर बसले की त्यांची मान सरळ व्हायची.

“आज काम किती आहे, होन्नी?”

“डोक्यावरून पाणी जातंय, मालक.”

“जाऊ दे. करू.”

हे गिऱ्हाईकाच्या तपासनिसाला पटेना. हे आजोबा कोण, इथं काय करतात, त्यांना परवानगी कुणी दिली? चैत्रानं त्याला कसंबसं समजावलं. मग ती खिडकीशी आली.

“होन्नक्का, हे शेवटचं. अप्पांच्या हातून एकदा जरी गडबड झाली तर त्यांना घरी ठेवावं लागेल. मला दुसरा इलाज नाही.”

“नाही होणार.”

“तू शब्द देतेस?”

“मी बघते त्यांच्याकडे.”

आणि ती बघायची. जेवतानासुद्धा डबा अशा बेतानं ठेवायची की बाक दिसावा.

शेवटच्या पेट्या ज्या दिवशी जायच्या त्या दिवशी शेडमध्ये सणाचं वातावरण होतं. पोरांनी यंत्रं धुतली होती. दाराला आंब्याची पानं, झेंडूची माळ. अरुळदासनं ट्रकसाठी कोहळा आणला होता. त्यात कुंकू भरून तो फाटकाशी ठेवला. चर्चला जाणाऱ्या अरुळदासचा कोहळा फोडण्याचा मान कुणी हिरावून घ्यायची हिंमत करत नसे.

दुपारी फ्रान्सच्या माणसांसाठी फोटो काढायचे म्हणून होन्नक्काला बोलावलं. शाल, हार, म्हैसुरी फेटा. तो तिच्या अंबाड्यावर बसेना. सगळे हसले. तीही हसली. परत खिडकीत आली तेव्हा बाक रिकामा होता. ड्रायव्हर मालकांना लवकर घेऊन गेला होता.

तिनं फळ्याकडे पाहिलं. तीनधारी कानशीच्या आकृतीत कानस नव्हती. खिळ्यावर एक नंबरचं टोकन होतं.

बाक, बाकाखाली, भंगाराची पेटी, ट्रकची वाट. तिनं सगळं धुंडाळलं. सरोजम्माला फोन लावला.

“अम्मा, मालकांच्या खिशात कानस आहे का?”

सरोजम्मानं खिसे पाहिले, पिशवी पाहिली, गाडी पाहिली. नव्हती. मग तिनं नवऱ्याच्या कानाला फोन लावला.

“मालक, कानस कुठाय?”

“तुला दिली की.”

“मला?”

“तुलाच. तू टांगलीस. विसरलीस का गं?” त्यांचा आवाज अगदी ठाम होता.

होन्नक्कानं फोन ठेवला. क्षणभर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. पण टोकन खिळ्यावर होतं. सकाळपासून मालक बाकावर होते, आणि बाकापासून चार पावलांवर पेट्यांची शेवटची झाकणं बंद होत होती.

अरुळदास खिडकीशी आला. त्यानं फळा पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अक्का, स्टोअरात नवी कानस आहे. अगदी अशीच.”

“आहे.”

“टांग. टोकन काढून खिशात घाल. उद्या ते आले की दे. कुणाला काय कळतंय?”

तिनं बंद पेट्यांकडे पाहिलं.

“ती कानस म्हाताऱ्यानं कुठं तरी ठेवली असणार. पेटीत थोडीच टाकणार ते?”

“नाही टाकणार?”

“नाही गं.”

“तुझ्या पोरीला घेऊन त्या विमानात बसशील?”

अरुळदासनं डोकं खाजवलं. “असं विचारू नये, अक्का,” तो म्हणाला. पण तो गेला नाही. खिडकीच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

होन्नक्का नव्या कानशीकडे बघत होती. ती टांगली तर ट्रक जाईल. चैत्राचा आकडा जमेल. मालक उद्या येतील, टोकन देतील, काम किती आहे विचारतील. शेड बंद होईपर्यंत येतील, आणि नंतर कदाचित चैत्रा नव्या कारखान्यातही एखादा बाक देईल. नाही टांगली तर पेट्या उघडाव्या लागतील आणि मालकांचा बाक जाईल. तिनंच शब्द दिला होता.

खिडकीच्या बाजूला एक पत्रा टांगलेला असे. एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं लाल. तो लाल केला की फाटक बंद. इतक्या वर्षांत तो लाल झाल्याचं शेडमधल्या फार थोड्यांना आठवत होतं.

तिनं पत्रा फिरवला.

यंत्रं एकेक करून थांबली. फाटकाशी ट्रकचं इंजिन चालू होतं, तेही थांबलं. चैत्रा ऑफिसातून धावतच आली. तिच्या मागे मुंबईचे दोघे.

“काय झालं?”

“तीनधारी कानस मिळत नाही.”

“कुणी नेली?”

होन्नक्कानं तोंडानं सांगितलं नाही. ती फक्त बाजूला सरकली. चैत्रानं खिळ्यावरचं टोकन पाहिलं. एक नंबर. तिचा चेहरा उतरला. मग रागानं लाल झाला.

“तू बघत होतीस ना?”

“फोटोला गेले होते.”

“होन्नक्का, आज ट्रक नाही गेला तर या वर्षीचा आकडा गेला. तुला कळतंय ना मी काय म्हणते?”

“कळतंय.”

“घरी शोधलं?”

“शोधलं. नाही तिथं.”

“नवी आहे ना आपल्याकडे?” हे चैत्रा अगदी हळू म्हणाली. मुंबईच्या माणसांना ऐकू गेलं नाही.

होन्नक्कानं तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी पाच वर्षांची असताना मालकांनी तिच्यासाठी खोटं टोकन बनवलं होतं, पत्र्याचं. ती खेळायला आरसा न्यायची आणि संध्याकाळी न चुकता आणून द्यायची.

“आहे,” होन्नक्का म्हणाली. “स्टोअरात आहे. तूच टांग. मी आड येत नाही.”

चैत्रानं पुन्हा खिळ्यावरच्या टोकनाकडे पाहिलं. मग ती अरुळदासकडे वळली.

“पेट्या उघडा.”

भोकांतून बारीक कॅमेरे घातले. दिसेल तिथपर्यंत पाहिलं. एक कोपरा कॅमेऱ्याला दिसत नव्हता, प्रत्येक पेटीत तोच. म्हणून रिबिटांची रांग फोडून झाकणं काढायची ठरली. अरुळदासनं स्वतः मारलेल्या रिबिटा स्वतः फोडल्या. कोहळा फाटकाशी तसाच पडून राहिला. ट्रक रिकामा परतला. मार्च संपला.

शुक्रवारी सरोजम्मानं देवघर घासायला काढलं. शिळी फुलं उचलली. देवाच्या तसबिरीमागे, झेंडूच्या ढिगाखाली, तीनधारी कानस होती. तिला हळदकुंकू लावलं होतं. मुठीला दोऱ्यानं आंब्याचं पान बांधलं होतं.

होन्नक्का फोन येताच राजाजीनगरला मालकांच्या घरी गेली. मालक ओसरीत खुर्चीवर बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“आलीस? शेडला अजून छप्पर नाही, म्हणून पूजा इथंच केली. यंत्रं धुतली ना सगळ्यांनी?”

“धुतली, मालक.”

“माळा लावल्या?”

“लावल्या.”

“कोहळा?”

“आहे. फोडायचाय.”

“आणि चुरमुरे? पोरांना चुरमुरे दे गं. वर्षाचा सण.”

बाहेर एप्रिलचं ऊन होतं. होन्नक्का खाली बसली. धुतलेली यंत्रं, दारावरची पानं, फाटकाशी ठेवलेला कोहळा. त्यांनी जे पाहिलं त्यावरून कुणीही तेच समजलं असतं. तिचं तिलाच कसं सुचलं नाही?

“देते, मालक,” ती म्हणाली.

तिनं कानस शेडमध्ये आणली. कुंकू पुसलं नाही. आकृतीत टांगली, टोकन काढलं आणि पत्रा पांढरा केला. त्या वेळी बऱ्याच पेट्यांची झाकणं निघालेली होती. आत काही नव्हतं.

“देवाजवळ होती की गं, अक्का!” अरुळदास म्हणाला. “सगळा वेळ देवाजवळ होती!”

“मला कुठं ठाऊक होतं?”

तो एवढंच म्हणाला. पण शेडमध्ये बोलणारे होते. म्हातारी फोटोत रमली आणि कंपनीला बुडवून बसली, असं कुणी कुणी म्हटलं. तिनं ऐकलं. शेअर बाजाराचं काम पुढे ढकललं गेलं. मुंबईची माणसं काही दिवस दिसली नाहीत. चैत्रा खिडकीवरून जायची, पण थांबायची नाही. एकदाच थांबली.

“अप्पा आता येणार नाहीत.”

होन्नक्कानं मान हलवली. त्याच संध्याकाळी ती बसनं राजाजीनगरला गेली आणि मालकांच्या हातात त्यांचं टोकन ठेवलं. हत्यार परत आलं की टोकन परत. एवढंच ती पाळू शकत होती. मालकांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशावर हात दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपडे करून ओसरीत येऊन बसले. गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. सरोजम्मा म्हणाली, ते दिवसभर खिसा चाचपतात आणि फाटकाकडे बघतात.

शेड रिकामी झाली. यंत्रं देवनहळ्ळीला गेली. होन्नक्काला निरोप दिला. चांदीची समई दिली. चैत्रानं रीतीनं विचारलं, “आणखी काही हवं, होन्नक्का?”

“फळा कुठे जाणार?”

“भंगारात. एवढा मोठा कुठे ठेवणार?”

“त्यातला एक तुकडा दे.”

अरुळदासनं करवत आणली. तीनधारी कानशीची आकृती आणि तिच्यावरचा खिळा एवढाच चौकोन त्यानं कापून काढला. कापताना त्याचे डोळे चुरचुरत होते. भुसा उडतोय, असं तो म्हणाला.

तो चौकोन आणि ती कानस आता राजाजीनगरच्या ओसरीत आहेत. एक जुनी मेजवजा पेटी आडवी टाकली आहे, तीच खिडकी. होन्नक्का सकाळी बसनं येते आणि पेटीच्या मागे बसते. मालक खिशातून टोकन काढतात. ती कानस देते आणि टोकन खिळ्यावर अडकवते. ते पायरीवर बसून भंगाराच्या कडा घासतात. तुकडे अरुळदास आणून टाकतो. येताना दर्शिनीतून इडल्या आणतो आणि घरच्या इडलीपात्राची आठवण काढून हसतो.

“आज काम किती आहे, होन्नी?”

“डोक्यावरून पाणी जातंय, मालक.”

कंपनी थंडीच्या दिवसांत बाजारात आली, उशिरा. पहिल्याच दिवशी भाव चढला. चैत्रा संध्याकाळी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन ओसरीत आली. गळ्यात कसला तरी हार होता. बाप कानशीवर वाकलेला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

ती पेटीसमोर उभी राहिली. खिळ्यावरचं टोकन तिनं बोटानं हलवलं.

“तेव्हा नवी कानस टांगली असती तर?” तिनं विचारलं.

“तर तुझा ट्रक गेला असता.”

“आणि अप्पा शेवटपर्यंत शेडमध्ये आले असते.”

“आले असते.”

“तुला वाईट वाटतं?”

“रोज वाटतं,” होन्नक्का म्हणाली. “पण संध्याकाळी ‘फळा बंद’ म्हणायला माझी जीभ वळली नसती.”

चैत्रानं डबा उघडला. एक तुकडा काढून बापासमोर धरला. “अप्पा, तोंड गोड करा. आपली कंपनी बाजारात आली.”

मालकांनी तुकड्याकडे पाहिलं. मग हातातल्या कानशीकडे. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. पेटीपाशी आले. कानस पुसली आणि होन्नक्काच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती आकृतीत टांगली. टोकन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि खिशावर हात दाबला.

चैत्रा डबा हातात धरून थांबली होती. लहानपणी थांबायची तशी.

होन्नक्कानं पेटीवरून डोकं बाहेर काढलं. ओसरीत तीनच माणसं होती. तरी ती ओरडली, “फळा बंद!”

मग मालकांनी तुकडा घेतला.